मळवलीहून वर

मळवलीला लोकलमधून उतरल्यावर तिनं आधी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. पाऊस होता, पण नुसती भुरभुर. स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या होत्या. त्यातल्या एका रिक्षावाल्याला तिनं लांबूनच ओळखलं, माझा हात धरला आणि दुसऱ्या बाजूला वळवलं. "आत्या, चालत जाऊ या ना. भाज्यावरनं."

मी साठीला टेकलेली बाई. मळवलीहून लोहगडवाडी म्हणजे एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडायचा, भाजे गावातून वर लागायचं, गायमुख खिंडीपर्यंत चढत राहायचं. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. उजवीकडे वळलं की वाडी. माझ्या पायांना हे अडीच तासांचं काम. रिक्षा अर्ध्या तासात नेते. पण तिला अडीच तासांची चाल चालणार होती, रिक्षातला अर्धा तास नव्हता. रिक्षात वाडीचं कुणीतरी भेटणारच, आणि ते विचारणारच, "काय गं, लागला का रिझल्ट? मग, आता काय?"

तिचा निकाल लागून सोळा दिवस झाले होते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. ती पास झाली होती. वाडीत आजवर पदवी घेतलेल्या मुली मोजक्याच, त्यांत एकीची भर पडली होती. तरी ती घरी गेली नव्हती. पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत चौघींबरोबर राहत होती. तिथून घरी फोन करून तिनं सांगितलं होतं, ऑफिसात ट्रेनिंग सुरू झालंय, सुट्टी मिळत नाही. ऑफिस नव्हतं, ट्रेनिंगही नव्हतं. तिचे वडील माझे मामेभाऊ. त्यांचा मला फोन आला तेव्हा आवाज रागाचा नव्हता, गोंधळलेला होता. "ताई, पोरगी भाताच्या आवणीला आली नाही असं कधी झालं नाही. तू बघ जरा."

म्हणून मी तिला आणायला गेले होते. २०२५ च्या जुलैतला मंगळवार होता. शनिवार-रविवारी भाज्याच्या धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी रस्ता मोकळा होता. पहिला अर्धा तास ती काही बोलली नाही. लेण्यांच्या पायऱ्या डावीकडे टाकून आम्ही चढाला लागलो तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, सहा पॉइंट एक म्हणजे साठ टक्के धरतात का?"

तीस वर्षं मी शिकवलं, पण या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मार्कशीटवर सीजीपीए असतो. कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मवर टक्क्यांचा रकाना असतो. मधलं गणित प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं, आणि फॉर्म भरणाऱ्या पोरीला ते विचारायला समोर माणूस नसतो. रकान्यात ५९ लिहिले तर फॉर्म तिथंच अडतो. ६१ लिहिले तर पुढे जातो, पण मग रात्री झोप लागत नाही, की उद्या कागद तपासताना खोटं ठरलं तर?

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आणि ते जमलं तरी बारावीचं काय करू?"

बारावीला तिला सत्तावन्न टक्के. पुष्कळ ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ मागतात. मुलं त्याला 'थ्रूआउट फर्स्ट क्लास' म्हणतात. या मुलीच्या तुकडीकडे नीट पाहा. ही २०२० ची दहावी. मार्चमध्ये टाळेबंदी आली, भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि त्या विषयाला सरासरी गुण मिळाले. अकरावी मोबाइलवर. घरात मोबाइल एक, तो वडिलांचा. रेंज हवी तर घरातून उठून खिंडीकडे चालत जायचं. पावसात खिंडीत उभं राहून या मुलीनं अकाउंट्सची नोंद शिकली. तेराशे रुपयांची छत्री नव्हे, युरियाचं पोतं डोक्यावर घेऊन. २०२२ साली बारावीचा पेपर मात्र बोर्डानं वर्गात बसवून घेतला. सत्तावन्न आले. ते सत्तावन्न कसे आले, हे कुठल्याही मार्कशीटवर लिहिलेलं नाही. आणि ते आता कधीच बदलणार नाहीत. एकविसाव्या वर्षी तिला कळलं होतं की सतराव्या वर्षीच तिच्यापुढचं एक दार लागून गेलं होतं आणि त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

वर्गात असती तर मी तिला धीराचं काहीतरी बोलले असते. पूर्वी मी मुलांना गो. नी. दांडेकरांचं सांगायची. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेलेला मुलगा. पुढे याच मावळात, तळेगावात राहिला, पवनेकाठच्या तुंग किल्ल्याच्या हवालदारावर कादंबरी लिहिली, साहित्य अकादमीचा मान मिळवला. पदवी नव्हती. मुलं शांतपणे ऐकायची. एकदा मागच्या बाकावरचा कामशेतचा मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, तेव्हा साठ टक्क्यांची रेघ नव्हती." तो उद्धट नव्हता. त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मोठ्या माणसांचे दाखले देणं मी बंद केलं. हजारांतल्या एकानं भिंत ओलांडली म्हणून नऊशे नव्याण्णवांपुढची भिंत लहान होत नाही.

आणि गुण कसे पडतात ते मी आतून पाहिलंय. मूल्यमापन केंद्रावर उन्हाळ्यात पंखा डोक्यावर घरघरत असतो, समोर गठ्ठे असतात. सकाळच्या पहिल्या दहा उत्तरपत्रिका आपण मन लावून वाचतो. जेवणानंतरच्या दहा आपण तपासतो. या दोन क्रियांत अंतर आहे आणि प्रत्येक प्रामाणिक परीक्षकाला ते ठाऊक आहे. एखाद्या उत्तराला सहा द्यावे की साडेसहा, यावर माझं पेन कितीदा घुटमळलं असेल. बहुतेक वेळा सहा दिले. तो अर्धा गुण माझ्या लेखी काहीच नव्हता. तो कुणाच्या आयुष्यातला पाच पॉइंट नऊ आणि सहा यांच्यातला फरक असेल, हा विचार त्या दुपारी मनात येत नसे. आज येतो, आणि आला की बोचतो.

कारण माझं स्वतःचं आयुष्य एकदा तीन गुणांवर अडलं होतं.

१९८९ साल. एम.ए.चा निकाल कॉलेजच्या बोर्डावर लागला. आठशेपैकी चारशे सदतीस. प्राध्यापकीसाठी पंचावन्न टक्के लागत, म्हणजे चारशे चाळीस. मी तो कागद परत परत वाचला. गर्दी पांगली तरी वाचत होते. घर कामशेतला. वडील रेल्वेत, चार भावंडं, आणि मी शिकते म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न आधी झालेलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसले. कामशेत आलं, दारापर्यंत गेले, फलाटावर शेजारच्या काकू दिसल्या आणि पाय उचलेना. गाडी सुटली. पुढचं स्टेशन मळवली. तिथं उतरले आणि याच वाटेनं, भाज्यावरून, खिंडीतून आजोळी निघाले.

पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. आजी चुलीपाशी. मला पाहून तिनं विचारलं नाही की इतक्या उशिरा कशी, एकटी कशी, काय झालं. म्हणाली, "आलीस व्हय? बरं झालं. उद्याच्या आवणीला माणूस कमीच हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोटऱ्यांपर्यंत चिखलात होते. आमच्या मावळात आवणी एकट्या घराची नसते. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. सगळी वाडी मिळून एकाचं काम उरकते, तो दुसऱ्याच्या कामाला जातो. पैसे नाहीत, जेवण असतं. याला इर्जिक म्हणतात. त्या दिवशी आजोबांच्या खाचरात पंधरा-सोळा बायका एका रांगेत वाकलेल्या होत्या. रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हातानं चार काड्या सोडवायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागं. माझी ओळ वाकडी जात होती. शेजारची बाई काही न बोलता माझ्या वाटची दोन-दोन रोपं लावून टाकत होती, म्हणजे मी मागं पडू नये. तीन दिवस लावणी केली. तिन्ही दिवस मला कुणी गुण विचारले नाहीत. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पोरगी निकालाच्या दिवशी रात्रीची डोंगर चढून येते, तेव्हा काय झालंय हे खेड्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी आजीनं तांदळाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "आता जा. आईस वाट बघाय लावू नगंस." पुढच्या वर्षी मी दोन पेपरांना पुन्हा बसले आणि पंचावन्नाच्या वर गेले. पण त्या रात्री आजोळ नसतं तर पुढचं वर्ष मला कसं गेलं असतं, ते मला सांगता येत नाही.

खिंडीच्या अलीकडे आम्ही दगडावर टेकलो. ढग थोडे हटले होते, खाली इंद्रायणीचं खोरं आणि एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या दिसत होत्या. मी तिला माझे तीन गुण सांगितले. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "आत्या, तू आजोळी पळून आलीस. माझं तर घरच तिथं आहे. मी कुठं जाऊ?"

परीक्षेची भीती, गुणांची भीती, मुलाखतीची भीती असं आपण म्हणत राहतो. त्या दगडावर मला कळलं की ही मुलगी यांतल्या कशालाच भीत नव्हती. पेपर तिनं दिले होते, मुलाखतींना ती एकटी गेली होती. तिला भीती होती परत जाण्याची. रिकाम्या हातांनी ही वाट चढून जाण्याची. आणि मुलगी असल्यामुळे त्यात आणखी एक हिशेब होता, तो तिनं खाली बघत सांगितला. "नोकरी लागली तर दोन वर्षं मिळतील. नाही तर दिवाळीनंतर बघायला येणारेत."

तिचा बाप दुष्ट नाही. त्यानं खाचराचा एक तुकडा गहाण ठेवून तिची तीन वर्षांची फी आणि कॉटचं भाडं भरलंय. आईनं दर शनिवार-रविवारी ट्रेकला आलेल्यांना पिठलं-भाकरी करून घातली. ही पोरगी स्वतः सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची, चाळीस माणसांचा ग्रुप आला तर ताटाचा दर ठरवायची, मोबाइलवर आलेले पैसे आणि रोख यांचा ताळा रात्री वहीत मांडायची, आणि मग अभ्यासाला बसायची. सत्र परीक्षा एक भातकापणीच्या तोंडाशी, दुसरी ऐन उन्हाळ्यात, पाणी लांबून आणावं लागतं तेव्हा. घरानं काहीच राखून ठेवलं नाही. म्हणूनच त्या सहा पॉइंट एकवर इतकं ओझं आहे. तो आकडा एकटीचा नाही; त्यात गहाणाचा तुकडा आहे, आईच्या भाकऱ्या आहेत.

पूर्वी वाडीतल्या पोरांना निदान खाली एक आशा होती. तळेगावची एमआयडीसी. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली तिथं सुरू झाला. मावळातल्या कितीतरी घरांचे हप्ते त्यावर चालत. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. पुढे तीच जागा ह्युंदाईनं घेतली, पण मधल्या वर्षांत ज्यांचं वय निघून गेलं त्यांना ती वर्षं कुणी परत देत नाही. मग वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून गावागावांत बोललं गेलं. लाखभर नोकऱ्यांचा आकडा तोंडात होता. २०२२ च्या सप्टेंबरात तो गुजरातला गेल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्या वर्षी फॉक्सकॉननं त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. मुंबई-दिल्लीत हा राजकारणाचा वाद होता. इथल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांसाठी ती हातातोंडाशी आलेली भाकरी होती.

मग उरते सरकारी भरती. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेला दोनशेहून अधिक. त्या दोनशेंत दोन-तीन तरी आमच्या वाडीसारख्या वाडीवरचे असतील, रात्री जागून लेखीचा अभ्यास करणारे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात एक आकडा आहे, तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. २०२२ साली पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला घरी बसणं परवडत नाही, तो मिळेल ते उचलतो. आणि ज्यानं शिकण्यावर घर ओतलं त्याला मिळेल ते उचलायची लाज वाटते. ही लाज मुलांची नाही, ती आपण त्यांच्या अंगावर घातली.

आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्याच आठवड्यात, ११ जुलैला, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले आणि त्यात लोहगड होता. वाडीत त्याची चर्चा होतीच. वाटेत मी तिला म्हटलं, आता इथंच काम वाढेल, तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला इथंही करता येईल काहीतरी. ती थोडं थांबून म्हणाली, "वाढेल ना, आत्या. पण त्याचा फॉर्म निघत नाही." माझ्याजवळ यावर बोलायला काही नव्हतं. ज्या कामाचा फॉर्म निघतो तेच काम; बाकी सगळं घरकाम. तीन वर्षं चाळीस-चाळीस माणसांचा हिशेब ठेवलेल्या मुलीनं आपल्या रेझ्युमेत 'अनुभव' या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. तो तिच्या मोबाइलवर होता. मी तिला तिथंच, पायवाटेवर उभं करून ती ओळ खोडायला लावली. ताटांचा दर, महिन्याची उलाढाल, किराणा खरेदी, सगळं लिहायला लावलं. ती म्हणाली, "हे लिहितात का?" म्हटलं, "लिही."

वाडीत शिरताना तिचा चालण्याचा वेग कमी झाला. पहिल्याच घरापाशी एक बाई पडवीत बसलेली, तिनं हाक मारली. मी मनात म्हटलं, आता विचारते. बाई म्हणाली, "आलीस गं! तुझ्या बापाच्या खाचरात आज सगळे हायेत. जा बिगीबिगी, चहा घेऊन जा वर." पोरगी जागच्या जागी उभी राहिली. मग घरात न शिरता तशीच खाचराकडे गेली. पूर्वी त्या खाचरात आंबेमोहोर असायचा, आता इंद्रायणी आहे. तिच्या वडिलांनी वाकूनच मान वर केली, तिला पाहिलं, आणि हातातल्या रोपाच्या मुठीतली अर्धी मूठ पुढे केली.

मी बांधावर उभी होते. आवणीला सगळी वाडी एका रांगेत येते, मागं पडणाऱ्याची ओळ शेजारचा उचलतो, आणि नोकरी शोधायला मात्र हीच पोरं एकेकटी खाली उतरतात. पुण्यात आमच्या वाडीची, आसपासच्या गावांची कितीतरी माणसं कामाला आहेत. बँकेत, हिंजवडीत, चाकणला, दवाखान्यात, वकिलांकडे. मीही त्यांतलीच. तीन वर्षं ही पोरगी माझ्यापासून पाच किलोमीटरवर राहत होती आणि तिच्या मार्कशीटवर किती आहेत हे मी तिला दोनदा विचारलं. तिला कुणाकडे घेऊन जाऊ का, हे एकदाही नाही.

म्हणून जे खाली आहेत, ज्यांचा जम बसलाय, त्यांना माझं सांगणं आहे. निकालाच्या दिवसांत आपल्या गावच्या पोराला 'किती पडले' विचारू नका. त्याचा फॉर्म समोर घेऊन बसा. टक्क्यांच्या रकान्यात काय लिहायचं ते तुमच्या कचेरीत विचारून त्याला सांगा. जागा असेल तर कळवा, नसेल तर नाही म्हणून कळवा, ताटकळत ठेवू नका. मुलाखतीला त्याच्याबरोबर दारापर्यंत जा. तुम्ही माणसं निवडायच्या खुर्चीवर असाल, तर साठची रेघ लावण्याआधी २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं त्या मुलानं कुठं उभं राहून काढली हे एकदा विचारा. आणि गावात जे आहेत त्यांनी पोरगं परत आलं की आधी चहा ठेवा.

ती दोन दिवस आवणी करून परत गेली. सप्टेंबरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला वाकडच्या एका कार्यालयात हिशेबाच्या कामाला लावून घेतलं. महिना साडेतेरा हजार, अकरा महिन्यांचा करार. दिवाळीनंतरचं पाहणं वडिलांनी पुढे ढकललं. गहाण अजून सुटलेलं नाही. दर शनिवारी ती घरी येते, आणि मळवलीला उतरून रिक्षानं जाते.